कुंभारवेशीतून जाताना

पुण्यात शनिवारवाड्याकडून नदीच्या अंगाने कसबा पेठेत शिरले की कुंभारवेस लागते. वेस आता नावापुरतीच उरली आहे. तरी रस्त्याच्या कडेला माठ, कुंड्या आणि पणत्या रचून ठेवलेल्या दिसतात. जुन्या पुणेकरांना या भागाची निराळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. मात्र जगभरच्या प्लास्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचे आणि एका मातीकाम करणाऱ्या कारागिराचे नाते सांगितले जाते, ही गोष्ट पुष्कळांच्या कानावर आलेली नसते.

टिपू सुलतानाविरुद्धच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी शत्रूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा घालणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला कपाळाच्या कातडीचे नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये या क्रियेचे वर्णन छापले. मेणाचा पातळ साचा नाकाच्या खुंटावर बेतायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याभोवती रेघ ओढायची आणि तेवढी कातडी सोडवून खाली वळवायची. दोन डोळ्यांमधली एक अरुंद पट्टी मात्र कापायची नाही. जोडावर भिजवलेल्या काताच्या पट्ट्या आणि चार दिवसांनंतर तुपात बुडवलेले कापड. ती पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापायची. पुढे १८१४ मध्ये लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हीच पद्धत वापरली. मूळ कारागिराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

मला त्या अरुंद पट्टीचे फार अप्रूप वाटते. कातडी म्हणजे कापड नव्हे, रक्त पोहोचले तरच ती जगते, हे त्या माणसाला पक्के ठाऊक होते.

गेल्या महिन्यात याच रस्त्याने मी वाईच्या एका निवृत्त शिक्षिकांसमवेत चाललो होतो. बरोबर त्यांच्या सूनबाई होत्या. बाईंचे वय ६७. मधुमेह आणि गुडघेदुखी यांमुळे त्यांना टिर्झेपेटाइडचे आठवड्याचे इंजेक्शन सुरू केले होते आणि वर्षभरात वजन ८८ किलोंवरून ७१ वर आले. साखर आटोक्यात आली, गुडघे हलके झाले. वजन उतरले, कातडी मात्र उतरली नाही. पोटाखाली एक घडी लोंबू लागली. पावसाळ्यात तिथे खाज, ओल, दुर्गंधी. चार महिन्यांत तीनदा बुरशीचा संसर्ग झाला. कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या त्या पुन्हा चढू लागल्या होत्या, तेही घडी घासते म्हणून थांबले. दुपारी चारला एका प्लास्टिक सर्जनची वेळ घेतली होती आणि आम्ही सकाळीच पोहोचलो होतो. म्हणून ही पायपीट.

“या वयात हे नखरे, असं लोक म्हणतील ना, डॉक्टर?” बाईंनी माठाच्या दुकानापुढे विचारले. मी त्यांना कावसजीची गोष्ट सांगितली. “त्याला नाक नव्हतं,” त्या म्हणाल्या, “मला तर जास्तीचं झालंय.”

ही औषधे आता आपल्या घरांत आली आहेत. टिर्झेपेटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आले. वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. मोठ्या चाचण्यांत सेमाग्लुटाइडने सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वाधिक मात्रेने सुमारे २० टक्के वजन उतरले. तरुण कातडी काही अंशी आक्रसते. साठीनंतर तिच्यातील लवचीक तंतू विरळ झालेले असतात, त्यामुळे ती सैलच राहते. मलम, तेल, मालिश यांनी ती घट्ट होत नाही. रेडिओ लहरींच्या यंत्रांनी अगदी थोडा सैलपणा असला तर काहीसा फरक पडतो, लोंबत्या घडीला त्यांचा उपयोग नाही. जाहिरातींवर खर्च होणारा पैसा पाहून मला वाईट वाटते.

सर्जनने बाईंना आधी झोपवून नव्हे, तर उभे करून तपासले. घडी उचलून आतली कातडी पाहिली. मग दोन शस्त्रक्रियांतला भेद समजावला. पहिलीत केवळ लोंबती घडी काढतात, ती पॅनिक्युलेक्टॉमी. दुसरी अ‍ॅब्डॉमिनोप्लास्टी. तीत पोटाचे सैल स्नायूही आवळतात आणि बेंबी नव्या जागी बसवतात. ती अधिक वेळ चालते. कमरेभोवती सगळीकडून कातडी काढण्याची शस्त्रक्रिया तर याहून मोठी. दंडांसाठी ब्रॅकिओप्लास्टी असते. तिचा व्रण काखेपासून कोपरापर्यंत, दंडाच्या आतल्या बाजूने राहतो. प्रत्येकीत घडी जाते आणि व्रण येतो, हा सौदा आहे. जखमेखाली पाणी साचणे, टाके उसवणे, संसर्ग, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होणे हे धोके वयाबरोबर वाढतात. त्यामुळे वडीलधाऱ्यांमध्ये एका वेळी एकच जागा, तीही जी त्रास देते ती, असे मला सर्जनइतकेच ठामपणे वाटते.

बाईंचा डोळा दंडांवरही होता. सर्जन म्हणाले, “दंड तुम्हाला दिसतात, पोट तुम्हाला दुखतं.” बाई क्षणभर रुसल्या. मग म्हणाल्या, “बरं, लांब बाह्यांची पोलकी शिवीन.” दंडांचा सैलपणा काही प्रमाणात स्नायू झिजल्यानेही असतो. भूक मंदावल्यावर डाळ, दूध, अंडी हेच पहिल्यांदा ताटातून कमी होतात. पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलण्याचा व्यायाम कातडी आवळणार नाही, पण हातातले बळ राखील.

रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघाले. सर्जनने तिथेच हात आखडता घेतला. रक्त आणि प्रथिने कमी असताना टाके घातले तर कडा जुळत नाहीत. ती अरुंद पट्टी येथे पुन्हा आठवावी. वजनही सहा महिने एका जागी स्थिर हवे, कारण पुढे आणखी उतरले तर नवी घडी पडते. बाईंना खर्चापायी इंजेक्शन बंद करायचे होते. सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी जवळजवळ दोन तृतीयांश वजन परत आले होते. हे मी त्यांना सांगितले आणि औषधाचे पुढचे नियोजन शस्त्रक्रियेच्या आधी ठरवायचे, असे आम्ही ठरवले. ही औषधे जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात, त्यामुळे भूल देताना धोका असतो. भूलतज्ज्ञांना शेवटच्या इंजेक्शनची तारीख सांगावीच लागते. मधुमेह असल्यास ते स्वतःच्या मनाने बंद करू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचेही तसेच. तंबाखू आणि मिश्री मात्र कित्येक आठवडे आधी सोडलीच पाहिजे.

विमा मिळेल का, हा सूनबाईंचा प्रश्न. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया आपल्याकडच्या पॉलिसींतून वगळलेल्या असतात. आरोग्याला असलेला थेट आणि तातडीचा धोका दूर करण्यासाठी शस्त्रक्रिया आवश्यक आहे, असे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केल्यास विचार होऊ शकतो. म्हणून प्रत्येक संसर्गाची चिठ्ठी आणि छायाचित्र जपून ठेवावे. मंजुरीची हमी नाही, पण कागदाशिवाय बोलणेच खुंटते.

तोवर घडीची निगा घरच्यांच्या हाती. रोज दोन वेळा कोमट पाण्याने धुऊन मऊ सुती कापडाने टिपावी, घासू नये. पूर्ण कोरडी झाल्यावर घडीत स्वच्छ सुती पट्टी ठेवावी. औषधाच्या दुकानातून आणलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे लावू नयेत. त्यांनी आठवडाभर बरे वाटते, मग बुरशी अधिक पसरते आणि कातडी कागदासारखी पातळ होते. भोवतीची कातडी लाल आणि गरम झाली, ताप आला किंवा जखम पडली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

निघताना सर्जनने एकच विचारले, “पहिले पंधरा दिवस घरी जवळ कोण असेल? वाकूनच चालावं लागेल, नळी सांभाळावी लागेल, पट्टा बांधावा लागेल.”

बाईंनी सूनबाईंकडे पाहिले.

“मी आहे,” सूनबाई म्हणाल्या, “पण दिवाळीनंतर. मुलांच्या सहामाही परीक्षा आहेत.”

तोपर्यंत सहा महिने पुरे होतील. लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आहेत, आणि दर महिन्याच्या एक तारखेला बाई माझ्याकडे वजनकाट्यावर उभ्या राहतात.