मिरजेचा तंबोरा आणि अडलेली तार

मिरज हे जंक्शन म्हणून सर्वांस ठाऊक असते. पण गाडी बदलण्यापलीकडे या गावाशी संबंध ठेवणारे प्रवासी थोडेच. गेल्या माघात मात्र आम्हांस मुद्दाम तेथे उतरण्याचा योग आला. निमित्त होते ताईच्या जुन्या तंबोऱ्याचे. तो वडिलांनी 1961 साली तिच्यासाठी घेतला होता. घरी शिकवावयास एक बुवा येत. तंबोरा लावून बसावे, आणि गाणे रंगास येण्यापूर्वीच जोडाची एक तार उतरावी, असा प्रकार नित्याचा झाला. दोन वर्षांनी बुवांनी वडिलांस सांगितले, "मुलीला कान नाही." शिकवणी थांबली, आणि तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर चढला तो कायमचा. आता ताईचा नातू इलेक्ट्रिक गिटार वाजवितो. त्यानेच तो खाली काढला, आणि मिरजेस नेण्याचा हट्टही त्यानेच धरला.

गावात शिरताच प्रथम आठवण होते ती गाण्याची. येथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबरांनी तालीम घेतली. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात खाँसाहेब अब्दुल करीम खाँ 1937 सालापासून चिरविश्रांती घेत आहेत. आम्ही क्षणभर तेथे थांबलो, आणि मग सतारमेकरांच्या गल्लीत शिरलो.

या गल्लीचा इतिहास मोठा मनोरंजक आहे. येथील मूळ कारागीर शिकलगार. तलवारी आणि भाले यांना धार लावणे हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. पेशवाई गेल्यावर हत्यारांची गरज सरली, आणि सुमारे 1850 च्या सुमारास फरीदसाहेब नामक कारागिराने आपला हात तंतुवाद्यांकडे वळविला. जे हात पोलादास पाणी देत, ते पोलादी तारेस सूर देऊ लागले. भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने, भीमेकाठच्या मळ्यांतून. ओट्याओट्यांवर ते मांडलेले दिसतात, आणि आतून लाकूड तासल्याचा आवाज येत असतो. 2024 साली मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही लाभले.

ज्या कारागिराकडे आम्ही गेलो, ते वयोवृद्ध, मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी भोपळा वाजवून पाहिला नाही, जवारीकडेही प्रथम पाहिले नाही. थेट दांडीच्या माथ्याकडे दृष्टी वळविली. आपण तंबोऱ्याचे सारे मर्म भोपळ्यात आणि घोडीवरच्या सुतात शोधतो. वस्तुतः तार सुरात राहते की नाही, हे पुष्कळसे माथ्यावर ठरते. घोडीवरून आलेली तार तेथे प्रथम अटीच्या खाचेवर टेकते, मग तारदानाच्या छिद्रातून जाऊन खुंटीस गुंडाळली जाते. खुंटी निमुळती असते आणि केवळ घर्षणाने आपल्या भोकात घट्ट बसते. ती ऋतुमानाने सुकते, फुगते. कालांतराने गोल न राहता किंचित लंबवर्तुळाकार होते. मग ती एका बाजूस अडते आणि दुसऱ्या बाजूस सुटते. शिवाय एक सेंटिमीटर जाडीची खुंटी पूर्ण एक फेरी फिरली, तर सुमारे 3 सेंटिमीटर तार ओढली जाते. म्हणून खुंटीने सूर जवळ आणावयाचा, आणि शेवटचा बारीक फरक घोडीखालच्या मण्याने काढावयाचा, अशी आपली रीत पडली.

"बाई, खुंटी दुरुस्त होईल. पण खरी खोड इथे आहे," असे म्हणून उस्तादांनी जोडाच्या तारेची खाच नखाने दाखविली. खाच तारेपेक्षा अरुंद होती. तार तिच्यात दाबून बसली होती.

हे ऐकताच नातू उठून बसला. "आजी, माझ्या गिटारीचं हेच होतं!" तो म्हणाला. त्याने जे सांगितले ते असे. गिटारीच्या माथ्यावर खुंटीऐवजी दातेरी चाकांच्या कळा असतात. कळ चौदा वेळा फिरविली, तर खांब एकदा फिरतो, अशी रचना पुष्कळ ठिकाणी आढळते. तेव्हा सूर बारीक लावता येतो आणि खांब मागे सरकत नाही. तरीही तार उतरते, कारण ती अटीसारख्या पट्टीच्या खाचेत अडते. 1952 च्या गिब्सन लेस पॉल गिटारीचा माथा मागे झुकलेला आणि कळा दोहों बाजूंस तीन-तीन; त्यामुळे मधल्या दोन तारा खाचेपाशी बाजूस वळतात आणि अधिक अडतात. उलट कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावच्या लिओ फेंडर यांनी 1954 साली आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या सहाही कळा एका बाजूस असल्याने तारा सरळ जातात. मात्र तिचा माथा सपाट, म्हणून बारीक तारा खाचेत दाबून ठेवण्यास एक छोटी आकडी बसवावी लागते. म्हणजे तेथे घर्षण पुन्हा आलेच.

उस्ताद हसले आणि म्हणाले, "तार कुठलीही असो, तिला वाट मोकळी पाहिजे."

अडलेल्या तारेचा खेळ मोठा फसवा. खुंटी पिळली की खाचेपलीकडचा तुकडा ताणला जातो, पण वाजणारी तार हलत नाही. आणखी पिळली की ती एकदम उडी मारून सुराच्या वर जाते. मग खुंटी ढिली करावी, तर पलीकडचा तुकडाच सैल पडतो. कान म्हणतो, सूर लागला. तार छेडता छेडता ती खाचेतून हळूहळू सरकते, दोन्हींकडचा ताण सारखा होतो, आणि सूर उतरतो. गाणाऱ्याला वाटते, आपलेच चुकले.

उस्तादांनी बारीक कानशीने खाच रुंद केली, खुंटी घासून सारखी केली, तिला खडू लावला. दीड तास लागला. ताईने तारा लाविल्या; आम्ही घड्याळ लावून अर्धा तास बसलो. जोड जागचा हलला नाही.

ज्या घरी मुले तंतुवाद्य शिकतात, त्या घरच्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, की मुलाच्या कानास दोष देण्यापूर्वी अटीची खाच आणि खुंटी एखाद्या जाणत्याकडून पाहून घ्यावी. खर्च थोडा असतो.

परतीच्या गाडीत ताई फारसे बोलली नाही. सांगली मागे पडल्यावर एवढेच म्हणाली, "म्हणजे तार उतरत होती, हे मला ऐकू येत होतं." तंबोरा तिने नातवाच्या हाती दिला नाही, पुण्यापर्यंत स्वतःशेजारी उभा धरून ठेविला.