टीव्हीचं डोकं घरीच बनवलं!

"आम्ही टीव्ही घरी बनवला" असं मी म्हटलं, तर तुम्ही हसाल. काच, पडदा वगैरे काही आम्ही बनवलं नाही, बरं का! पडदा जुनाच. बनवलं ते त्याचं डोकं.

'स्मार्ट' टीव्ही म्हणजे असतो तरी काय? एक पडदा आणि त्याच्या पाठीत बसवलेला छोटा संगणक. पडदा वर्षानुवर्षं टिकतो, पण आतला संगणक लवकर म्हातारा होतो. आमच्याकडे तसंच झालं. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत; पण नवं सॉफ्टवेअर येणं बंद झालं आणि एकेक अ‍ॅप रुसून बसलं. दुकानदार म्हणाले, "आता नवाच घ्या." धडधाकट वस्तू भंगारात द्यायची? मन तयार होईना.

आणखी एक गोष्ट मनाला टोचत होती. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीचे १ कोटी १० लाख टीव्ही, लोक काय पाहतात ते त्यांची संमती न घेताच टिपत होते. पडद्यावरच्या चित्राचे काही ठिपके उचलायचे, साठवलेल्या कार्यक्रमांशी ताडून पाहायचे, की कार्यक्रम ओळखला! २०१७ साली हे प्रकरण मिटवायला कंपनीला २२ लाख डॉलर भरावे लागले. आपण टीव्ही पाहावा हे ठीक. टीव्हीनं आपल्याला का पाहावं?

मग मी आणि आठवीतली माझी भाची कामाला लागलो. आम्ही 'रास्पबेरी पाय ४' आणला. पत्त्यांच्या कॅटाएवढा हा संगणक! मुलांना प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या मंडळींनी असा पहिला 'पाय' २०१२ साली ३५ डॉलरला विक्रीस आणला. त्यावर चालवायचं 'कोडी' नावाचं मोफत सॉफ्टवेअर. भाची म्हणाली, "मामा, कोडी? मग सोडवायची कधी?"

कोडं फारसं अवघड नव्हतं. 'लिब्रेइलेक' ही कोडीसकट येणारी प्रणाली घरच्या संगणकावरून मेमरी कार्डावर उतरवली. (कार्डावरचं आधीचं सगळं पुसलं जातं हं, म्हणून कार्ड रिकामंच घ्या.) कार्ड 'पाय'मध्ये सरकवलं, एचडीएमआयची तार टीव्हीला जोडली, हार्ड डिस्क लावली आणि ५ व्होल्ट, ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर दिला. अ‍ॅडॉप्टर कमी ताकदीचा असला, तर 'पाय' अडखळतो. नवा रिमोटही लागला नाही. त्याच तारेतून टीव्हीच्या रिमोटचे निरोप 'पाय'पर्यंत पोचतात. टीव्हीचं स्वतःचं इंटरनेट मात्र आम्ही बंद करून टाकलं.

आता त्यात भरायचं काय? भाचीनं कपाटातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट शोधल्या. एका स्टुडिओतून त्या डिजिटल करून आणल्या. एका कॅसेटमध्ये माझे बाबा, म्हणजे तिचे आजोबा, मुंजीच्या पंगतीत "जिलबी वाढा रे!" असं ओरडत होते. ती जन्मायच्या आधीच ते गेले. तिनं त्यांचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. आई काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "पुन्हा लाव." कोणत्याही कंपनीच्या यादीत हा कार्यक्रम सापडला नसता!

या डब्याला मर्यादाही आहेत. पैसे भरून पाहायच्या सगळ्याच सेवा त्यावर नीट चालत नाहीत. चोरून उतरवलेले सिनेमे तर त्यावर मुळीच लावू नका.

तुमच्या घरात अशी खटपट करायची असेल, तर आईबाबांना सोबत घ्या. आणि नवाच टीव्ही घ्यायचा ठरला, तर दुकानात दोन प्रश्न तुम्हीच विचारा: "याला नवं सॉफ्टवेअर किती वर्षं मिळेल?" आणि "आम्ही काय बघतो ते टिपणं कुठून बंद करायचं?" उत्तर मिळेपर्यंत आईबाबांना पाकीट उघडू देऊ नका!