पेण ते रोहे : सावकाशीचा एक प्रवास

पुण्याहून रोह्यास मोटारीने जावयाचे म्हणजे पुरते अर्ध्या दिवसाचेही काम नव्हे. तेवढ्यासाठी आम्ही दोन दिवस घेतले, हे ऐकून घरातील तरुण मंडळींनी आमच्या वयाकडे पाहून मौन पाळले. प्रवासास कारण मात्र घाईचे होते. पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी आमच्या वडिलार्जित जमिनीपैकी साडेतीन एकर खार अद्यापि आमच्या नावे आहे. आजोबांच्या वेळी होते त्यातील बहुतेक १ एप्रिल १९५७ पासून कुळकायद्याने कसणाराचे झाले. ते योग्यच झाले, असे मी वडील बंधूंसमक्ष म्हणत नाही, पण येथे लिहून ठेवतो. राहिलेल्या घरखेडीच्या तुकड्यास गिऱ्हाईक आले होते. कागद तयार होता. आम्हा दोघा भावांच्या सह्या व्हावयाच्या होत्या, आणि त्यांच्या आधी रोह्यास राहणाऱ्या आमच्या आक्काची, कारण तिचाही हिस्सा आहे.

गाडीत आम्ही तिघे : अण्णा, मी आणि गाडी हाकण्यास अण्णांचा धाकटा चिरंजीव. हा नाताळच्या सुटीत अमेरिकेहून आलेला. सावकाश जाण्याची कल्पना त्याचीच. तो केंटकी नावाच्या संस्थानात नोकरीस असतो. तेथे म्हणे लोक सुटीच्या दिवशी मुद्दाम आडरस्त्यांनी, वाटेत दहा ठिकाणी थांबत गाडी हाकतात. दोहों बाजूंस पांढरी कुंपणे, आत शर्यतीच्या घोड्यांची कुरणे, आणि मधून मधून मद्याच्या भट्ट्या. बोरघाट उतरता उतरता त्याने त्या मद्याची सारी हकीगत सांगितली. त्यात मका निदान एक्कावन्न टक्के हवा, ते आतून जाळून कोळसविलेल्या ओकच्या नव्या पिंपातच मुरविले पाहिजे असा कायदा आहे, आणि १९६४ साली तेथील काँग्रेसने त्या राष्ट्राचा खास जिन्नस म्हणून ठरावाने त्यास मान्यता दिली आहे. मद्याची अशी कुलकथा आमच्या गाडीत प्रथमच होत असल्याने अण्णांनी खिडकीची काच खाली केली. त्याच संस्थानातील काही परगण्यांत आजही दारू विकण्यास बंदी आहे, हे कळल्यावर त्यांनी ती पुन्हा वर केली.

"पण काका, खरी गंमत पाण्याची आहे," पुतण्या म्हणाला. "तिथले पाणी चुनखडीच्या खडकातून झिरपते. लोह मागे राहते, चुना पाण्यात येतो. घोड्यांची हाडे त्यानेच बळकट होतात आणि भट्टीलाही तेच पाणी मानवते, असे तिथले लोक सांगतात." ही गोष्ट मजला पटली. प्रदेश पाहावयाचा तर त्याचे पाणी पाहावे. पेण आणि रोहे यांच्याविषयी मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण या दृष्टीने त्यांकडे पाहण्याचे सुचले नव्हते.

खोपोलीहून पेणकडे जाताना रस्त्यापासून थोडे आत गागोदे हे लहानसे गाव आहे. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी येथे जन्मले व त्यांचे बालपण येथेच गेले. भोवती डोंगर, भाताची खाचरे, आणि दुपारच्या वेळी ऐकू येईल एवढी शांतता. गीताईचा कर्ता म्हणून माझ्यासारख्या संस्कृत शिकविणाऱ्यास त्यांचे ऋण मोठे. परंतु त्या दिवशी मनात आले ते निराळेच. याच गावचा मुलगा १९५१ साली तेलंगणात पोचमपल्लीस गेला आणि पुढे वर्षानुवर्षे पायी हिंडून भूमिहीनांसाठी जमीन मागत राहिला. आणि आम्ही त्याच्या गावी उभे राहिलो होतो ते खिशात विक्रीचा कागद घेऊन. अण्णांच्याही मनात तेच आले असावे. ते म्हणाले, "चला, पेणला पोहोचायला उशीर होईल." उशीर होण्याजोगे काही नव्हते.

पेणेत शिरताच घरोघरी गणपती दिसू लागतात. पौष लागला नव्हता, तरी कारखान्यांतून ओळीने शाडूच्या मूर्ती वाळत होत्या. पेण शहराबरोबरच हमरापूर, जोहे या गावांतून हा व्यवसाय पसरला असून तो वर्षभर चालतो. परदेशी जावयाच्या मूर्ती आगबोटीने जातात, म्हणून त्या आधी हातावेगळ्या कराव्या लागतात. शाडू येतो गुजरातेतून. येथले आहे ते कसब. मूर्ती साच्यातून निघते तेव्हा ती केवळ माती असते. हात बसवावयाचे, सांधे पुसावयाचे, वाळवावयाची, रंग चढवावयाचा, आणि शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा निराळा. तो इतर कामास हात लावीत नाही व त्याच्या कामास इतर लावीत नाहीत.

आम्ही गेलो त्या कारखान्यात एक पोक्त गृहस्थ गेल्या वर्षीच्या उरलेल्या मूर्तीवर नव्या मुलास आखणी शिकवीत बसले होते. कुंचला टेकवून तो एका श्वासात फिरवावयाचा. मध्ये थांबले की बुबुळ भ्याल्यासारखे दिसते. त्या मुलाची रेघ तीन वेळा चुकली. गृहस्थांनी तीनही वेळा ती ओल्या फडक्याने पुसली आणि एक शब्दही बोलले नाहीत. मी पस्तीस वर्षे शाळेत काढली. वर्गात इतके गप्प राहणे मला कधी साधले नाही.

प्लास्टरच्या मूर्तींचा प्रश्न निघाला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली त्यांस मज्जाव केला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्यास मोकळीक दिली, पण विसर्जनाचे कोडे शिल्लकच राहिले. "शाडूची मूर्ती जड आणि नाजूक, प्लास्टरची हलकी आणि स्वस्त. गिऱ्हाईक दोन्ही मागते आणि पाणी एकच मागते," असे ते गृहस्थ म्हणाले. पुतण्याने दोन लहान मूर्ती सांगून ठेवल्या, अर्थातच शाडूच्या.

पेणेचा दुसरा लौकिक पोह्यांचा. भात कोमट पाण्यात भिजत घालावयाचा, निथळून भट्टीत तापल्या वाळूबरोबर भाजावयाचा आणि गरम असतानाच दाबून चपटा करावयाचा. पूर्वी हे काम उखळ-मुसळाने होई, आता यंत्राने होते. भाजलेल्या भाताचा तो वास रस्त्यावर येतो तेव्हा पाय आपोआप थांबतात. वहिनीने यादी दिली होती : जाड पोहे चार किलो, पातळ दोन, पोह्यांचे पापड, मिरगुंडे. केंटकीतील लोक भट्टीपाशी थांबून बाटल्या घेतात, तद्वत आम्ही पिशव्या भरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भरतीची वेळ पाहून जमिनीवर गेलो. ज्यांनी खारेपाट पाहिला नाही त्यांस सांगतो : ही जमीन मुळात समुद्राची. खाडीच्या कडेने मातीचा बांध घातला आहे, त्यास बाहेरकाठा म्हणतात. पावसाचे गोडे पाणी बाहेर सोडण्यास व खाऱ्या पाण्यास अडविण्यास त्यात उघाड्या ठेवलेल्या असतात. पावसाने माती धुऊन मीठ खाली जाते आणि त्यावर एकच पीक, भाताचे. खारे सोसणारे जुने तांबडे वाण होते, पुढे पनवेलच्या संशोधन केंद्राने नवी काढली. हे सर्व एका बांधावर अवलंबून. उधाणाच्या भरतीने बांधास भगदाड पडले की त्यास खांड जाणे म्हणतात. एकदा खांड गेली आणि वेळेवर बुजविली नाही की तीन-चार पावसाळे शेत हातचे जाते. पूर्वी खांड गेल्याची आरोळी झाली की सारे गाव घमेली घेऊन धावे, कारण पाणी एकाचे शेत ओलांडून दुसऱ्याच्या शेतात शिरताना सातबारा पाहत नाही.

आमच्या तुकड्यापुढील खांड दोन पावसाळे तशीच होती. भरती चढली तसे पाणी शब्द न करता आत आले आणि खाचरांतून पसरले. ज्या मोठ्या बांधावरून अण्णा मला खांद्यावर घेऊन जात, तो मध्येच तुटला होता. शेजारच्या जमिनीचा जुन्या कुळाचा नातू भेटला. त्याने नमस्कार करून सरळ विचारले, "अण्णा, तुम्ही विकताय असं ऐकलं. मग आमच्या बाजूचा काठा कोण धरणार?" अण्णा पाण्याकडे पाहत राहिले.

या तालुक्यात हा प्रश्न नवा नाही. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी घेण्याचे ठरले तेव्हा हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील बावीस गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचे मत घेतले होते. त्या धरणाचे पाणी नवी मुंबईस जाते, आणि जानेवारी २०२४ मध्ये समुद्रावरचा अटल सेतू सुरू झाल्यापासून मुंबई स्वतःच इकडे येऊ लागली आहे. भाव चढतात ते यामुळे, तांदळामुळे नव्हे.

वडखळवरून नागोठण्याकडे निघालो. हा मुंबई-गोव्याचा महामार्ग. पनवेल ते इंदापूर त्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि एका तपाहून अधिक काळ प्रवाशांनी त्याचे भोग भोगले. याउलट नागोठण्याचा जुना दगडी पूल पाहावा. सुमारे १५८० साली चौलच्या काझी अल्लाउद्दीनाने तो तीन लक्ष रुपये खर्चून बांधिला असे गॅझेटियर सांगते. टोकदार कमानींचा, अरुंद. गाडीसाठी नव्हे, घोडेस्वारासाठी आणि पायी चालणारासाठी. पुतण्याने कमानीखाली उतरून छायाचित्रे घेतली. घोड्यांच्या देशातून आलेल्या मुलास इकडे घोड्यांची खूण मिळाली ती एवढीच.

पुढे भिसे खिंडीचे रान. खिंड ओलांडून उतरलो की हवा बदलते. खाडीचा खारटपणा जाऊन ओल्या मातीचा वास येतो. कुंडलिका नदीच्या अलीकडे अष्टमी, पलीकडे रोहे. या नदीची गोष्ट विलक्षण आहे. पौष-माघात इकडच्या इतर नद्या आटतात, कुंडलिका वाहते. ते पाणी तिचे नव्हे. मुळशीस मुळा नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याच्या वीजकेंद्रावर पाडतात. १९२७ सालापासून ते कुंडलिकेत येते. पूर्वसमुद्रास जावयाचे पाणी पश्चिमसमुद्रास जाते. त्यासाठी मावळातील गावे बुडाली व सेनापती बापटांनी १९२१ साली मुळशीचा सत्याग्रह मांडला, हे वाचकांस स्मरत असेलच. त्या पाण्यावर कोलाडजवळ सकाळी रबरी होड्यांत बसून तरुण मंडळी किंकाळ्या मारीत जातात, कालव्यांनी उन्हाळी भात पिकतो, आणि धाटावच्या रासायनिक कारखान्यांनाही पाणी लागते. त्यांनी नदीचे काय केले ते नाकास कळते.

रोहे म्हणजे चिंतामणराव देशमुखांचे गाव. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे अर्थमंत्री, आणि १९५६ साली मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणारे. मला त्यांचे अप्रूप निराळ्या कारणासाठी. त्यांनी मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि कारभाराच्या धबडग्यात मेघदूत मराठीत आणले. माझा मॅट्रिकचा संस्कृतचा निकाल येथे सांगत नाही. यक्ष मेघास सांगतो, वाट वाकडी होईल, तरी उज्जयिनी पाहिल्यावाचून जाऊ नकोस. पुतण्यास हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे कालिदासही हमरस्ता सोडाच म्हणतो."

आक्का ओटीवर वाल सोलीत बसली होती. ती ऐंशीची आहे. बिरड्याचे वाल भिजवून, मोड आणून, एकेक सोलावे लागतात. त्यास घाई चालत नाही. अण्णांनी जेवणापूर्वीच कागद काढला. तिने तो हात पुसून घेतला, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"सही करीन, त्यात काय आहे," ती म्हणाली. "आधी सांग, खांड केवढी आहे?"

"असेल पंधरा-वीस हात."

"आप्पांच्या वेळी पंचवीस हातांची गेली होती. भांगाच्या दिवसांत, भरती कमी असताना, चार दिवसांत बुजवली."

"तेव्हा माणसे होती, आक्का."

"आता यंत्रे नाहीत का? आणि त्या शेजारच्या पोराचे काय म्हणणे आहे?"

अण्णांनी उत्तर दिले नाही. पुतण्या म्हणाला की पोकलेन तासाच्या भाड्याने मिळते, शेजारी निम्मा खर्च सोसेल तर चौकशी करतो. आक्काने पुन्हा वाल ओढून घेतले. अण्णांनी खिशातून पेन्सिल काढली, कागद उलटा केला आणि त्याच्या पाठीवर मातीच्या खेपांचा हिशेब मांडू लागले. पहिली बेरीज चुकली म्हणून त्यांनी ती खोडून पुन्हा मांडली.