रेघेला रेघ भेटते तिथे

क्विल्टची पहिली रेघ मधोमध, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. दुसरी तिला छेदणारी. या दोन शिवून होईपर्यंत बाकी कशाला हात लावायचा नाही. पुढची प्रत्येक रेघ या दोघींवरून मोजायची, शेजारणीवरून नाही. शेजारणीवरून मोजत गेलं आणि दर वेळी अर्धं सूत एकाच बाजूला सरकलं, तर वीस रेघांत दहा सूत, म्हणजे सव्वा इंच चुकतो. रेघा एकाच दिशेला धावत असतात तोवर डोळ्याला ते कळतही नाही. आडव्या दिशेने छेदायला घेतल्या की कळतं: एक घर लांबट, एक चेपलेलं.

*

मशीनचा रुलर फूट पट्टीच्या कडेला टेकून चालतो. त्याचा गोल अर्ध्या इंचाचा, सुई त्याच्या बरोबर मध्यात. म्हणून टाका पडतो तो पट्टीच्या कडेला नाही, कडेपासून पाव इंचावर. पट्टी नेहमी रेघेपासून दोन सूत अलीकडे धरायची. पहिले आठ दिवस मी हे विसरत होते. आता डोळा आपोआप दोन सूत सोडतो.

*

आज सुई मोडली. फूट खाली घ्यायचा राहिला, पट्टी त्याच्याखालून सरकली आणि सुई थेट अ‍ॅक्रिलिकवर आदळली. तुकडा गालाजवळून गेला. जाड पट्टी घ्या असं सगळे सांगतात ते फूट तिच्यावर चढू नये म्हणून, पण फूट वरच राहिला तर जाडीचा काय उपयोग? आता क्रम ठरवला आहे: सुई खाली, फूट खाली, मग पट्टी. चष्मा घातल्याशिवाय बसायचं नाही.

*

४५ अंशांच्या जाळीला सगळ्या शंकरपाळी म्हणतात. नीट पाहिलं तर ते कोपऱ्यावर उभे केलेले चौकोन असतात. खरी शंकरपाळी हवी तर ६० अंशांची खूण धरायची. मग घर उंच, सडपातळ होतं, वरच्या कडेला टांगल्यासारखं दिसतं. दिवाळीत कातणं फिरवताना हात नकळत हाच तिरपेपणा धरतो.

आणखी एक हिशेब वहीत लिहून ठेवते, नाहीतर परत चुकेन. तुकड्याच्या कडेवर एकेक इंचावर खुणा करून ४५ अंशांत रेघा मारल्या, तर दोन रेघांमधलं अंतर एक इंच येत नाही, पाऊण इंचालाही जरा कमीच येतं (०.७०७). अंतर इंचाचं हवं असेल तर कडेवरच्या खुणा १.४१ इंचावर.

*

४५ अंशांची रेघ म्हणजे उरेब. उभ्या-आडव्या धाग्यावर कापड जागच्या जागी राहतं, उरेबवर ते ताणतं. दाते खाली घेतलेले, कापड आपणच सरकवतो, तरी फूटच्या पुढे कापडाची बारीक लाट चालत राहते आणि छेदाच्या जागी चुणी होऊन अडकते. आधी चार इंचांवर रेघा घालून मोठी घरं बांधून घेतली, मग त्यांच्या मध्ये दोन इंचांवर, मग एक इंचावर, की लाटेला पळायला जागाच उरत नाही. वेळ लागतो. लागू दे.

*

आजीच्या वाकळेला पट्टी नव्हती. कडेपासून धावदोरा सुरू, चौकोनात चौकोन, आत आत मध्यापर्यंत. अंतर मागच्या ओळीवरून, अंगठ्याच्या नखाने. म्हणजे मी जे करू नये म्हणते आहे नेमकं तेच, आणि तरी वाकळ देखणी. बरेच दिवस हे कोडं सुटत नव्हतं. काल ती मांडीवर घेऊन ओळींवरून बोट फिरवत गेले तेव्हा लक्षात आलं: तिच्या ओळी एकमेकींना कुठेच छेदत नाहीत. एक ओळ जरा वळली की पुढची तिच्यासोबत वळते, आणि वळण नक्षी होऊन जातं. माझ्या रेघांना तशी मुभा नाही. त्यांना ठरल्या जागी भेटावंच लागतं.

*

मशीनवर भरलेल्या क्विल्टला अमेरिकेतही फार काळ दुय्यम मानत. केंटकीतल्या पड्युका इथल्या प्रदर्शनात १९८९ साली कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या खग्रास ग्रहणाच्या क्विल्टला सर्वोच्च पारितोषिक मिळालं, आणि ते मशीनवर भरलेलं होतं. पुष्कळांना ते रुचलं नाही. मला त्यांचा राग समजतो. हाताच्या टाक्यात गेलेले महिने मी घरात पाहिले आहेत. पण पट्टी धरणाराही हातच असतो. डाव्या हाताची बोटं पसरून दाबायची, उजव्याने कापड सरकवायचं, दोन्हींचा वेग एक ठेवायचा. संध्याकाळी खांदे सांगतात काम कुणी केलं ते.

*

पट्टीचा सगळ्यात मोठा फायदा असा की क्विल्ट फिरवावं लागत नाही. सरळ पुढेच चालणाऱ्या वॉकिंग फूटने शिवताना प्रत्येक वळणाला सगळा गठ्ठा मशीनच्या गळ्यातून ओढून काढा. इथे पुढे, मागे, बाजूला, कुठेही. रेघ संपली की तुकड्याच्या जोडशिवणीतून हळूच पुढच्या खुणेपर्यंत जायचं आणि दोरा न तोडता परतायचं.

*

निळ्या पेनाच्या खुणा थंड पाण्याने गेल्याशिवाय इस्त्री लावायची नाही. गरम झाली की ती शाई पक्की बसते.

*

क्विल्टच्या मधलं कमळ मुद्दाम मोकळं सोडलं आहे: रेघा त्याच्या कडेशी थांबतात, आत एकही टाका नाही. भोवतीची जाळी अर्ध्या इंचावर आणली तसतसं मैदान दबत गेलं आणि कमळ वर आलं. आत जास्तीचा कापूस घातलेला नाही. दिवा बाजूला ठेवून पाहिलं तर पाकळीची सावली जाळीवर पडते.

उजवा खालचा कोपरा राहिला आहे. तिथल्या सहा रेघा उद्या, दिवसाच्या उजेडात.