अण्णांना वाचून दाखवावे

मँचेस्टर, मंगळवार रात्र

मनुष्यबळ खात्याच्या लोकांची वार्षिक परिषद जिथे भरते, ती वास्तू म्हणजे जुने रेल्वे स्टेशन. 1880 साली सुरू झाले, 1969 मध्ये बंद पडले, 1986 पासून तिथे प्रदर्शने भरतात. छपराची कमान 210 फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही. रूळ होते तिथे आता गालिचा आहे. त्यावरून सामानाची पेटी ओढताना मात्र अजूनही गाडी चुकल्यासारखे वाटते.

परिषद भरवणारी संस्था सीआयपीडी. तिचा जन्म 1913 मधला, यॉर्क गावचा. राउनट्रींच्या चॉकलेट कारखान्याचा त्यात पुढाकार होता. त्या वेळचे नाव वेल्फेअर वर्कर्स असोसिएशन. सभासदांत बायकाच जास्त, आणि काम कारखान्यातल्या मुलींचे जेवणखाण, प्रकृती, विश्रांती पाहण्याचे. आपल्याकडे हे खाते आले वेगळ्याच वाटेने. गिरणीत माणूस लावायचा अधिकार जॉबरच्या हाती, आणि त्याला दस्तुरी दिल्याशिवाय बदलीचेही काम मिळत नसे. व्हिटली आयोगाने 1931 च्या अहवालात भरती त्याच्या हातून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावी असे सुचवले. पुढे 1948 च्या कायद्यातले कलम 49 आले आणि 500 कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा झाला. कलमाचा आकडा अण्णांना तोंडपाठ आहे, पण यॉर्कचा जन्म त्यांना ठाऊक नसावा, म्हणून हे सविस्तर.

मफलर घरी खुंटीवरच राहिला आहे. शोधाशोध करू नये.

बुधवार, दिवस मावळल्यावर (म्हणजे साडेचार)

आजचा विषय नेतृत्व. या विषयातले जुने आणि अजून न झिजलेले लिखाण रॉबर्ट कॅट्झ यांचे, 1955 चे. व्यवस्थापकाला तीन कौशल्ये लागतात असे ते मांडतात: हाताच्या कामाचे, माणसांचे आणि एकूण पसारा डोक्यात धरण्याचे. वर चढावे तसे पहिले कमी लागते, तिसरे जास्त. माणसांचे मात्र तळापासून माथ्यापर्यंत सारखेच. आजच्या भाषणांत शब्द नवे होते, मुद्दा बहुतेक हाच. जागतिक आर्थिक मंचाच्या 2025 च्या अहवालातला आकडाही पुन्हा पुन्हा पडद्यावर आला: 2030 पर्यंत कामगारांची 39 टक्के मुख्य कौशल्ये बदलतील, असा मालकांचा अंदाज. तो अंदाजच आहे, हे तिसऱ्या वक्त्यापर्यंत सगळे विसरले होते.

सभागृहातून बाहेर पडताना मोबाइलवर तारे द्यायचे असतात, पाचपैकी. प्रशिक्षण मोजण्याच्या कर्कपॅट्रिक यांच्या चार पायऱ्या आहेत: माणसाला ते आवडले का, तो शिकला का, कामावर वागणे बदलले का, आणि त्याने कारखान्याचे काही भले झाले का. तारे पहिल्या पायरीवरच संपतात. जेवणाच्या आधीच्या व्याख्यानाला तारे कमी पडले; भूक पाचव्या पायरीवर धरायला हरकत नाही.

जेवण म्हणजे सालासकट भाजलेला अख्खा बटाटा, वर टोमॅटोच्या गोड रसातले घेवड्याचे दाणे. बटाटा उपवासाचा समजून गिळता येतो, दाणे नाही. कागदी पेल्यातला चहा तीन पौंडांच्या वर, म्हणजे घरच्या महिन्याच्या चहापुडीचे पैसे, आणि पिशवी दोरीला धरून आपणच बुडवायची. शेवटी खोलीवर किटलीत पाणी उकळून पोह्यांना मेतकूट लावले. आईंनी दिलेली डबी निम्मी झाली आहे.

गुरुवार रात्र, घाईत

कौशल्याच्या भरतीवरचे सत्र सर्वांत कामाचे. पदवी आणि शिफारस बाजूला ठेवून माणसाला प्रत्यक्ष काय करता येते ते पाहावे, हा त्यातला विचार. कारखान्यात त्यासाठी स्किल मॅट्रिक्स टांगतात: आडव्या रांगेत मशिने, उभ्या रांगेत माणसे, प्रत्येक चौकोनात चार भागांचे वर्तुळ. शिकाऊ असेल तर पाव वर्तुळ काळे, दुसऱ्याला शिकवू शकत असेल तर पूर्ण. तक्ता दस्तुरी घेत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण जॉबरला पोराचा हात सुताच्या तुटल्या टोकावर कसा पडतो ते दुरून दिसे. तक्त्याला ते वर्तुळ कोणीतरी काळे केल्यावर कळते. ते काळे करणाऱ्याला स्वतः काम येते का, हा प्रश्न एका वयस्क बाईंनी विचारला. उत्तर लांबले, घंटा झाली.

शिकाऊंसाठी इथे 2017 पासून वेगळा कर आहे. पगाराचा वार्षिक खर्च 30 लाख पौंडांवर गेला की वरच्या रकमेवर अर्धा टक्का, आणि तो पैसा प्रशिक्षणावरच वापरायचा. आपल्या 1961 च्या कायद्याखाली 30 किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावे लागतात. तिथे पैशाची सक्ती, इथे डोक्यांची... उलट लिहिले गेले. डोळे मिटत आहेत. डोक्यांची सक्ती घरी, पैशाची इथे.

दुपारी शेवटचे सत्र सोडून ट्रामने ओल्डहॅम गाठले. फुटबॉलचे प्रसिद्ध मैदान राहिले, त्याचे वाईट वाटायचे कारण नाही. अण्णांच्या खात्यातल्या कार्डिंग मशिनांवर बिडाच्या अक्षरांत ‘प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम’ असे होते, ते हेच गाव. तासभर आडवा पाऊस, उतारावर लाल विटांच्या इमारती, बेकरीच्या काचेवर वाफ. तिथे चीज आणि कांदा भरलेली गरम पेस्ट्री मिळाली. दोन दिवसांत पहिल्यांदा जेवल्यासारखे वाटले. स्टॉपवर एका म्हाताऱ्याला प्लॅटचा कारखाना कुठे होता म्हणून विचारले. त्याने छत्रीने एका दिशेला दाखवले, मग जरा विचार करून दुसऱ्या दिशेला.

विमान शनिवारचे. रविवारी सकाळी आमटी-भात, तिखट.