हार्ड डिस्क : नन

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी पावणेनऊला अण्णांचा फोन आला. ही वेळ त्यांच्या फोनची नाही. साडेआठला ते पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात, मग पूजा, मग चहा. फोन संध्याकाळी.

"अरे, लॅपटॉप चालू होतोय, पण काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी म्हणतोय."

"काय म्हणतोय?"

"नो बूटेबल डिव्हाईस."

मी पुण्यात, ऑफिसला निघायच्या घाईत. म्हटलं बंद करून चालू करा, आणि चालू होताना एफ-टू दाबत राहा. मग निळा पडदा आला का, त्यावर काय लिहिलंय ते वाचा. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. वाचा म्हटलं की पहिल्या ओळीपासून वाचणार. वेळ वाचली, तारीख वाचली. दोन्ही बरोबर होत्या, म्हणून मला जरा हायसं वाटलं. मदरबोर्डवरचा तो छोटा गोल सेल संपला की तारीख मागे जाते, आणि त्याबरोबर बायोसच्या सेटिंग्जही मूळपदावर येतात. मग डिस्क धडधाकट असूनही मशीन सुरू होत नाही. इथे सेल ठीक होता.

"हार्ड डिस्कच्या पुढे काय लिहिलंय?"

"नन."

"काय?"

"एन ओ एन ई. नन. म्हणजे काही नाही."

मग दोघंही गप्प. त्या डिस्कवर काय आहे ते दोघांनाही माहीत होतं.

आमचं गाव कोल्हार, प्रवरेच्या काठावर, नगर-मनमाड रस्त्यावर. वर अकोले तालुक्यात घाटघरला धो धो कोसळतो, भंडारदरा भरतं, नदीला पाणी येतं, आणि आम्ही मात्र खाली कोरडं आभाळ बघत बसतो. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पूर्ण झालं. तेव्हापासून आमच्या भागातला ऊस कालव्याच्या पाण्यावर आणि माणसं आवर्तनाच्या तारखांवर जगतात. पण कालवा आहे म्हणून आभाळाकडे बघणं काही सुटत नाही. अण्णांनी १९८४ च्या जूनपासून पाऊस मोजायला सुरुवात केली. अंगणात भिंतीपासून लांब, नरसाळं आणि मापाचं काचेचं भांडं. रोज साडेआठला, कारण हवामान खात्याची वेळ तीच. हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पगार तर नव्हताच. पुढे लोक विचारायला यायला लागले. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला तर सरकारी हिशेबात अतिवृष्टी, आणि ती मोजायची मंडलाच्या यंत्रावर. यंत्र एकीकडे, पाऊस दुसरीकडे, हे तर नेहमीचंच. अण्णांच्या आकड्याला कागदोपत्री किंमत शून्य. तरी भांडायला जाणारा माणूस आधी आमच्या ओट्यावर येऊन जायचा.

हे सगळं जमाखर्चाच्या लांबट वह्यांत होतं. त्या वह्या गेल्या कशा, ते आता सांगायला हवं.

सरकारी नोकरांना एमएस-सीआयटी सक्तीची झाली तेव्हा अण्णा निवृत्तीच्या वाटेवर होते. परीक्षा नाही तर पगारवाढ नाही. पोराच्या वयाच्या मुलाकडून ते एक्सेल शिकले आणि त्यांना ते चक्क आवडलं. खालची बेरीज आपोआप होते याचं त्यांना फार कौतुक. २०१३ साली मी त्यांना लॅपटॉप घेऊन दिला आणि म्हटलं, आता वह्या यात भरा. त्यांनी एका बोटाने टाइप करत जवळजवळ दोन वर्षं घालवली. २०१६ च्या मे महिन्यात बहिणीचं लग्न होतं. घराला रंग काढला तेव्हा माळ्यावरच्या वह्या खाली आल्या. चार-पाच वह्यांना वाळवी होती. मी म्हणालो, "सगळं कॉम्प्युटरवर आहे ना? मग हा कचरा कशाला?" अण्णा काही बोलले नाहीत. रद्दीवाल्याला मीच हाक मारली.

एक प्रत पेनड्राईव्हवर होती, हे खरं. त्याच लग्नात हळदीच्या गाण्यांसाठी पेनड्राईव्ह लागला आणि तो मीच पुसून गाणी भरली. नंतर करू परत कॉपी, असं म्हणालो होतो. तुम्ही हसाल, पण मी पोटासाठी कॉम्प्युटरचंच काम करतो.

शनिवारी शिवाजीनगरहून एसटी पकडली. तोपर्यंत अण्णा जवळच्या गावातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे जाऊन आले होते. त्याने पाच मिनिटांत निकाल दिला. डिस्क गेली, नवी एसएसडी टाका, मशीन पळायला लागेल. चुकीचा सल्ला नव्हता, पण त्याला मशीन दुरुस्त करायचं होतं आणि अण्णांना डिस्क हवी होती. ते लॅपटॉप उचलून घरी आले. मित्रांनी मला फोनवर आणखी उपाय दिले. एकाने सांगितलं, डिस्क पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेव. हा उपाय अजून कसा जिवंत आहे कोण जाणे! फिरणाऱ्या तबकडीवर वाचणारं टोक काही नॅनोमीटर वरून तरंगत असतं. त्या फटीत दमटपणा नेऊन ठेवायचा म्हणजे उरलीसुरली आशाही संपली. दुसऱ्याने पुण्यातल्या डेटा रिकव्हरीवाल्याचा भाव विचारून ठेवला. पाच आकडी होता. तो मी देणार होतो.

राहुरी गेलं, कोल्हार खुर्द आलं, पूल ओलांडला. नदीत पाणी नव्हतं.

घरात शिरलो तर आई जमिनीवर बसलेली आणि भोवती बरण्या. अण्णा सकाळी मोजलेला आकडा आधी कालनिर्णयच्या चौकोनात लिहितात आणि रविवारी लॅपटॉपवर चढवतात. वर्ष संपलं की ती कॅलेंडरं आई फडताळात अंथरते. सगळ्यांची आई अंथरते. तर ती एकेक फळी रिकामी करून कागद ओढून काढत होती. लोणच्याच्या बरणीखालून २०१७ ची काही पानं निघाली. सप्टेंबरवर तेलाचा गोल डाग. २०१९ ची सहा पानं निघाली. "ह्ये बघ, ह्ये तरी आहे का बघ," म्हणून माझ्या हातात देत होती. वह्या गेल्या तेव्हाही ती तिथेच होती. तो विषय तिने काढला नाही.

मी कामाला लागलो. आधी चार्जर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. अडकलेली वीज निघून जाते आणि कधीकधी एवढ्यानेही भागतं. नाही भागलं. मग बायोसमधली एकेक सेटिंग तपासली. हा भाग मी जरा जास्तच वेळ केला, कारण दोष सेटिंगमध्ये असावा असं मनापासून वाटत होतं. ऑफिसात वर्षभरापूर्वी एक कोरा करकरीत लॅपटॉप असाच फसवून गेला होता. विंडोज टाकायला घेतलं तर म्हणे डिस्कच नाही! हल्लीच्या बऱ्याच इंटेल मशीनमध्ये डिस्क व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरच्या आड असते. विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसला की डिस्क समोर असून त्याला दिसत नाही. ड्रायव्हर दिला, डिस्क दिसली. पण त्या मशीनच्या बायोसला डिस्क दिसत होती, फक्त विंडोजला दिसत नव्हती. इथे बायोसलाच दिसत नव्हती. म्हणजे तार तरी किंवा डिस्क तरी.

लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले. अण्णा वाटीत एकेक स्क्रू मोजून ठेवत होते. आतमध्ये बारा वर्षांची धूळ. डिस्कला कान लावून चालू केलं. काही नाही. आत मोटर असते, ५४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला नव्वद फेऱ्या, बारीक घूं ऐकू यायला हवी. टकटक आवाज आला असता तर टोक बिघडलं म्हणायचं. इथे काहीच आवाज नाही. अण्णांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "वाचंल का?" शाळेतल्या मास्तरांनी मला कधी इतक्या हळू आवाजात काही विचारलं नव्हतं.

आवाज नाही याचे दोन अर्थ होतात. मोटर मेली, किंवा मोटरला वीजच पोचत नाही. डिस्कच्या कडेला शेजारी शेजारी दोन खाचा असतात, सात पिनांची माहितीची आणि पंधरा पिनांची विजेची. या मॉडेलमध्ये तिथून मदरबोर्डपर्यंत एक चपटी पट्टी जाते. डिस्क त्या पट्टीपासून सोडवली, पुण्याहून आणलेल्या यूएसबीच्या केसमध्ये बसवली आणि केस माझ्या लॅपटॉपला जोडली.

घूं.

मग विंडोजचा तो टणकन आवाज, आणि पडद्यावर 'ई' ड्राईव्ह. त्यात एक फोल्डर, नाव 'पाऊस'.

मी आधी कॉपी केली. उघडून बघायचा मोह आवरला, कारण अशा वेळी डिस्क किती मिनिटं टिकेल त्याचा भरवसा नसतो. एक प्रत माझ्या लॅपटॉपवर, एक पेनड्राईव्हवर, एक स्वतःला ईमेलने. चाळीस वर्षांची फाईल एक एमबीसुद्धा नव्हती. आयबीएमने १९५६ साली जगातली पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा पन्नास तबकड्यांच्या त्या टनभर वजनाच्या धुडात पन्नास लाख अक्षरं मावायची. त्यातसुद्धा अण्णांचा पाऊस सहज मावला असता. असो.

"२०१९ चा ऑक्टोबर काढ," अण्णा म्हणाले. त्या परतीच्या पावसाने सगळ्यांचीच वाट लावली होती. मी काढला. आईने तेलकट कॅलेंडरातलं पान धरलं आणि दोघांनी आकडे ताडून पाहिले. शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळे जुळले तेव्हा अण्णा उठले आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसले. बराच वेळ आत आले नाहीत.

मी पहिल्यांदाच ती फाईल नीट बघत होतो. इतकी वर्षं मला वाटायचं की तारीख आणि मिलिमीटर, एवढंच असेल. तिसरा रकाना होता, 'शेरा'. कांदा भिजला. आवर्तन सुटलं. बैल विकला. आक्का गेली, दुपारी. धाकट्याला पुण्यात नोकरी लागली, पेढे. पाऊस असो नसो, रोजची ओळ. बरेच दिवस मिलिमीटरच्या रकान्यात नुसती शून्यं आणि शेजारी आमचं घर. पावसाचा आकडा निदान दुसऱ्या कुठल्या तरी नोंदीत थोडाफार सापडला असता.

सवयीने शेवटच्या ओळीवर गेलो. मेची अखेर, पाऊस शून्य. शेरा : 'लॅपटॉप पलंगावरून पडला. चालू आहे. धाकट्याला सांगितलं नाही.'

फोनवर मी दोनदा विचारलं होतं, पडला-बिडला का? दोन्ही वेळा "नाही" म्हणाले होते. पडला त्या दिवशी चाललाही असणार. पट्टी दुमडीपाशी तडकली असेल आणि पुढच्या काही दिवसांत तुटली असेल. डिस्क परत आत बसवून पट्टी बोटाने दाबून धरली तर बायोसने 'नन'च्या जागी डिस्कचं नाव दाखवलं, बोट काढलं की पुन्हा नन. नवी पट्टी पुण्याहून मागवता आली असती. पण पडलेल्या, बारा वर्षांच्या डिस्कवर पुन्हा विसंबायची माझी हिंमत नव्हती. मी पट्टी आणि एसएसडी दोन्ही टाकली. म्हणजे त्या दुरुस्तीवाल्याचंच ऐकलं, फक्त दोन दिवस उशिरा.

पलंगावरून पडल्याचं मी अण्णांकडे काढलं नाही.

रात्री सगळे झोपल्यावर मी मे २०१६ उघडला. उघडू नये असं वाटत होतं. लग्नाच्या आधीचा आठवडा, रंगवाल्याचे पैसे, मांडवाचा ॲडव्हान्स, आणि मग ती तारीख. पाऊस ०. शेरा : 'वह्या रद्दीत दिल्या.' एवढंच. कोणी दिल्या, ते लिहिलं नव्हतं.

रविवारी परत निघताना स्टँडजवळच्या दुकानातून लांबट वह्या घेतल्या, मिळाल्या तेवढ्या, सात. पुढच्या नोंदींसाठी म्हणून दिल्या. अण्णांनी त्या वेगळ्याच कामाला घेतल्या. लॅपटॉप समोर ठेवून ते १९८४ पासून सगळं पुन्हा हाताने उतरवून काढतायत, रोज दुपारी दोन-तीन पानं, शेऱ्यासकट. आईची २०१७ ची पानंही त्यांनी मागून घेतली, तेलाच्या डागासकट वहीत चिकटवण्यासाठी, त्यांची पाळी येईल तेव्हा. परवा फोनवर विचारलं तर १९९१ चा श्रावण चालू होता.