पिळाचं दार

शिवडी स्टेशनातून पूर्वेला उतरलं की आता अटल सेतू दिसतो, आणि थंडीत खाडीतले फ्लेमिंगो बघायला माणसं दुर्बिणी घेऊन येतात. माझ्या लहानपणी त्या बाजूची खूण म्हणजे ओल्या लाकडाचा वास. बंदराच्या हद्दीत टिंबर पाँड होतं. ओंडके उन्हाने चिरू नयेत, त्यांना कीड लागू नये म्हणून ते पाण्यात ठेवायची ती जागा. तिथून खाली रे रोड, दारूखाना, लकडी बंदर अशी वखारींची रांग लागायची. वखारींचे शेठ बहुतेक कच्छी आणि सुतार बहुतेक कोकणातले.

आम्ही शिवडीच्या बीडीडी चाळीत राहायचो. वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांतले एक माझे वडील. पुढच्या वर्षी मी दहावी झालो आणि कॉलेजचा विषय घरात कुणी काढलाच नाही. चाळीतल्या एका काकांनी मला एका वखारीमागच्या गाळ्यात नेऊन उभं केलं. तिथे फ्लश दारं आणि ब्लॉकबोर्ड बनायचे. काम बघणारे मिस्त्री कणकवलीकडचे. त्यांनी माझे तळवे उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाले, ‘‘रव हय.’’ राहा इथे. एवढीच माझी मुलाखत.

पहिल्या शनिवारी त्यांनी पगाराबरोबर सुक्या भुशाचं एक पोतं माझ्या खांद्यावर दिलं. त्या दिवसांत आमच्या घरी रॉकेल विकत आणणंही जड झालं होतं. आई भुशाची शेगडी पेटवायची. पत्र्याच्या डब्यात मधोमध बाटली उभी धरायची, भोवती भुसा ठासून भरायचा, मग बाटली हलकेच फिरवून उपसायची. उरलेल्या भोकातून आग वर यायची. भुसा ओला असला की घरभर धूर. म्हणून मिस्त्री पोतं भरताना मूठभर भुसा दाबून पाहायचे. मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर तो भुसा बाजूला. सव्वा वर्ष आमचं जेवण त्या पोत्यांवर शिजलं. त्याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. मी ठेवला आहे.

आमच्या गाळ्यात चांगलं लाकूड यायचं नाही. मुंबईचं लाकडाशी नातं मोठ्या सागाचं. वाडियांनी मलबारी सागात बांधलेलं त्रिंकोमाली हे जहाज १८१७ साली इथून पाण्यात उतरलं आणि अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. आमच्याकडे यायचं ते सागाच्या कापणीतून उरलेलं. कडेची सालपटं, फुटलेली खोकी, जहाजात माल हलू नये म्हणून घातलेल्या फळ्या, दारूखान्यात तोडलेल्या जहाजांतलं खिळ्यांनी भरलेलं लाकूड, आणि आंबा, सावर असल्या लाकडाचे तुकडे. कुठे गाठ, कुठे चीर, कुठे बाक. हाताएवढाही सरळ तुकडा मिळायची मारामार. यातून सात फूट उंच आणि तीन फूट रुंद सरळ दार काढायचं.

ते कसं निघतं, हे मिस्त्रींनी मला तुकड्याचं तोंड दाखवून शिकवलं. तोंड म्हणजे आडव्या कापाची बाजू, जिथे वर्तुळं दिसतात. लाकूड सुकताना लांबीत जवळजवळ आखडत नाही, आखडतं ते रुंदीत. त्यातही वर्तुळांच्या रेषेत जेवढं आखडतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्यापासून सालीच्या दिशेने. या फरकानेच फळी वाकते. वाक सालीच्या बाजूला खोलगट होतो. मोठ्या फळीत हा जोर मोठा. तीच फळी इंचभर रुंद बत्त्यांत चिरली की प्रत्येकीकडे थोडासाच जोर उरतो. मग बत्त्या शेजारी-शेजारी लावताना एकीची वर्तुळं वर वळलेली, दुसरीची खाली. मिस्त्री त्यांना हसरी आणि रडकी म्हणायचे. एक हसरी, एक रडकी, पुन्हा हसरी. एक ओढते तेव्हा शेजारीण तिला धरून ठेवते. गाठी कापून टाकायच्या, आखूड तुकडे टोकाला टोक लावायचे, पण दोन सांधे एका रेषेत येऊ द्यायचे नाहीत. वर-खाली दोन्ही अंगांना पातळ पापुद्रे चिकटवायचे, त्यांचे रेषे बत्त्यांना आडवे, आणि दोन्ही अंगांना सारख्याच जाडीचे. एका अंगाला जाड बसला की दार त्या अंगाला गेलंच.

‘‘झिला, आधी तोंड बघ,’’ ते म्हणायचे. झील म्हणजे मुलगा. ‘‘करवत मगे.’’

गोंद यूरिया-फॉर्मल्डिहाइडचा. भुकटी पाण्यात कालवून त्यात नवसागर टाकला की तो पकडायला लागतो, मग हात चालवावे लागतात. सरस उकळण्याचे दिवस मिस्त्रींनी पाहिले होते आणि त्याच्या वासाची आठवण काढून ते अजून नाक मुरडायचे. फेव्हिकॉल १९५९ साली आणणारे बळवंत पारेख आधी मुंबईतच एका लाकूड व्यापाऱ्याच्या कचेरीत शिपाई होते, हे मी पुढे वाचलं तेव्हा मला आमचा गाळा आठवला. दाबायला आमच्याकडे मोडीतल्या जहाजाचे दोन जाड पत्रे होते, त्यांना चार कोपऱ्यांत मळसूत्रं. रात्रभर दार त्यात.

सकाळी दार बाहेर काढलं की मिस्त्री दोन दोरे घ्यायचे आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुलीसारखे ताणायचे. मध्यावर दोरे एकमेकांना जेमतेम टेकले तर दार सरळ. मध्ये फट पडली किंवा एकाने दुसऱ्याला ढकललं, तर दारात पीळ आहे.

तिसऱ्या पावसाळ्यात एक दार त्यांनी माझ्यावर सोपवलं. ते गावी गेले होते आणि काम घाईचं होतं. मी एका भिजलेल्या खोक्याच्या फळ्या वापरल्या. हाताला गार लागत होत्या, तरी वापरल्या. दोरे ताणले तेव्हा दार सरळ होतं. दिवाळीनंतर हवा सुकली आणि परळच्या गिऱ्हाइकाने ते हातगाडीवर घालून परत आणलं. वरचा एक कोपरा पाऊण इंच बाहेर आला होता. गिऱ्हाईक सगळ्यांसमोर ओरडत होतं. मी रंधा हातात धरून उभा होतो, तोंडातून शब्द फुटत नव्हता.

मिस्त्री पुढे झाले. ‘‘चूक माझी आहे साहेब. लाकूड मी पाहून घेतलं नाही. चार दिवसांत दुसरं दार आणून लावतो.’’ नव्या दाराचे पैसे त्यांच्या पगारातून गेले. माझ्या पाकिटातून एक रुपया कमी झाला नाही.

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी मला बसवलं. ते दार आडवं केलं, खालच्या कोपऱ्यात पटाशी घालून वीतभर पापुद्रा उचलला आणि बोट ठेवलं. चार बत्त्या शेजारी-शेजारी, चौघींचे रेषे एकाच बाजूला तिरके गेलेले. ओल्या असताना गप्प होत्या, सुकल्यावर चौघींनी मिळून एकीकडे ओढलं. त्यांनी मला काहीच सुनावलं नाही. माझं बोट धरून एकेका बत्तीच्या रेषेवरून फिरवलं, दोनदा. ते खरखरीत तिरकेपण अजून माझ्या बोटाला आठवतं. मग उचललेल्या जागी त्यांनी सागाच्या पापुद्र्याचं ठिगळ बसवलं. दार भिंतीला टेकवून ठेवलं आणि पुढे कधीतरी ते गाळ्यातून गेलं. मोडीत गेलं असणार, असं मी धरून चाललो.

आज भिवंडीला माझा स्वतःचा कारखाना आहे. आता बोटांसारखे दाते पाडून आखूड तुकडे जोडणारं यंत्र आहे, गरम दाबयंत्र आहे, लाकडातली ओल मोजायचं मीटर आहे. नॉर्वेत ब्रुमुंडाल गावी म्योस्टॉर्नेट नावाची १८ मजल्यांची, ८५.४ मीटर उंच इमारत २०१९ साली उभी राहिली, तिचे खांब असेच चिकटवलेल्या लाकडाचे आहेत. छायाचित्र पाहिलं तेव्हा मी खांबाच्या तोंडाकडे आधी पाहिलं. मीटर लावण्यापूर्वी मी अजूनही फळी गालाला लावून बघतो, गार लागते का ते. माझ्याकडच्या पोरांना त्याची सवय झाली आहे.

मिस्त्री गेले तेव्हा मी दिवसकार्याला कणकवलीजवळच्या त्यांच्या गावी गेलो. मातीच्या भिंती, वर कौलं. माजघराच्या दाराशी पोचलो आणि थांबलो. खालच्या कोपऱ्यात वीतभर सागाचं ठिगळ होतं.

त्यांच्या पत्नी, काकी, मागे उभ्या होत्या. ‘‘तां तुज्या हातचा मां?’’ त्या म्हणाल्या. ‘‘ते सांगत, ह्या माज्या झिलान केल्लां.’’

मी त्यांच्याकडे सुतळी मागितली आणि फुली ताणली. मध्ये फट होती तेवढीच, इतक्या पावसाळ्यांत वाढली नव्हती. मग चौकट पाहिली. तिचा वरचा कोपरा पाऊण इंच पुढे घेतलेला होता, रंध्याने उतरता आणलेला, दाराच्या पिळाला पीळ जुळवून.

मी दार लोटलं. चारही कोपरे एकदम टेकले.